फादर स्टीफन्सचं पुराण

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2. सगळ्यांना आपापल्या भाषेत ऐकू आलं, तो प्रसंग. मी मालवणचा, मला तेरेखोलपलीकडचे एक पाद्री आठवतात.

थॉमस स्टीफन्स, मूळचे इंग्लंडचे. 1579 मध्ये गोव्यात आले, पुढची जवळपास चाळीस वर्षं इथेच, बहुतेक साष्टीत. तिथली देवळं आधीच पाडली गेली होती, जुनी पुराणं बंद. (हे मला आजही टोचतं.) नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न साधा होता: मग आम्ही वाचायचं काय?

फादरनी सुमारे 11,000 मराठी ओव्या लिहिल्या. देवाने जग निर्माण केलं, आदाम चुकला, ख्रिस्त जन्मला, क्रुसावर मेला, पुन्हा उठला. स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलं. मध्येमध्ये ऐकणारे शंका विचारतात, पाद्री उत्तर देतात. 1616 मध्ये रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेही रोमन लिपीत. देवनागरीचे खिळेच नव्हते. आमच्या भाषेत, फॉन्ट सपोर्ट नव्हता!

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "तुम्ही लोक नक्की मानता काय?" मी त्रैक्यापासून सुरुवात केली आणि पार अडकलो. मग थांबलो, चहा मागवला, आणि आदामापासून गोष्ट सांगायला लागलो.