पाषाणातील अरण्य

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून नागपुरास आले. तेथे त्यांनी शाळा काढली. धर्मकार्यासाठी खेडोपाडी हिंडताना ते सभोवतालची सृष्टी बारकाईने न्याहाळीत.

१८५१ साली नागपूरजवळच्या टाकळी गावी त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना खडकात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आढळले. अधिक शोध घेता फळे, बिया व भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचेही मिळाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा एक जलाशय आणि त्याकाठचे अरण्य लाव्हारसाच्या थरांमध्ये दगड होऊन राहिले होते!

केवळ संग्रह करून हिस्लॉप थांबले नाहीत. कोणता अवशेष कोठे व कोणत्या थरात सापडला, याची त्यांनी नोंद ठेवली आणि नमुने लंडनच्या विद्वानांकडे पाठविले. नागपूरच्या भूरचनेवरील या दोघांचा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला. वनात राहणाऱ्या गोंडांची भाषा व गीतेही हिस्लॉप यांनी टिपून घेतली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. त्यांची गोंडांविषयीची अपुरी टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रकाशित केली.

नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे स्मरण करून देते. टाकळी आता शहरात सामावून गेली आहे. परंतु तेथील पुरातन अरण्य त्यांच्या नोंदींमुळे जगास ठाऊक झाले.