जेपी आणि यंत्राजवळचे तास

नोव्हेंबर १९७५ च्या अखेरीस जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्यांचे वय ७३ होते. जवळपास पाच महिन्यांच्या स्थानबद्धतेतून त्यांची नुकतीच सुटका झाली होती. तपासण्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि यापुढे जगायचे तर डायलिसिसवर जगावे लागणार होते. ते किती काळ, हे कोणालाच सांगता येत नव्हते. प्रत्यक्षात हा काळ जेमतेम चार वर्षांचा ठरला. या चार वर्षांत देशाचे राजकारण पालटले आणि त्यात जेपींचा वाटा मोठा होता. तो त्यांनी उचलला तो दर दोन-तीन दिवसांनी यंत्राजवळ परत येत.

आज महाराष्ट्रात हजारो घरांत आठवड्याचे दिवस डायलिसिसच्या वारांवरून मोजले जातात. त्या घरांना जेपींची ही चार वर्षे ओळखीची वाटतील.

कोंडलेल्या वेळेची सवय

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, गंगा-शरयूच्या संगमाजवळच्या सिताबदियारा गावातला. १९२२ मध्ये ते शिकायला अमेरिकेत गेले. फळबागांत, कारखान्यांत, हॉटेलांत पडेल ते काम करून त्यांनी सात वर्षे शिक्षण घेतले. परतल्यावर ते स्वातंत्र्यलढ्यात पडले आणि तुरुंग हे त्यांचे दुसरे घर झाले. १९३२ मध्ये अटक झाल्यावर त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवले गेले. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्यासोबत झालेल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना पक्की झाली. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत धोतरांच्या दोराने ओलांडून ते साथीदारांसह निसटले. पुढच्या वर्षी पुन्हा पकडले गेल्यावर लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला.

म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या वेळापत्रकात जगणे जेपींना नवे नव्हते. २६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीत त्यांना पुन्हा अटक झाली. चंडीगडला स्थानबद्धतेत असताना जुलैपासून त्यांनी रोजनिशी लिहायला घेतली. ती पुढे १९७७ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने पुस्तकरूपात काढली. एकटेपणा आणि निराशा त्यांनी त्या पानांत लपवलेली नाही. पत्नी प्रभावतीदेवी १९७३ मध्ये कर्करोगाने गेल्या होत्या. स्वतःच्या शरीरातही मधुमेह बऱ्याच वर्षांपासून मुरलेला होता. स्थानबद्धतेत तब्येत ढासळत गेली आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांना सोडले. आधी दिल्ली आणि मग मुंबई असा त्यांचा प्रवास झाला.

तुरुंग आणि डायलिसिस यांत मात्र एक फरक होता. तुरुंगातून कधी ना कधी सुटका होते. निकामी झालेली मूत्रपिंडे पूर्ववत होण्याची आशा नसते आणि त्या काळात अशा वयाच्या, मधुमेही रुग्णासाठी मूत्रपिंडरोपणाचा मार्ग जवळजवळ बंदच होता.

यंत्र काय करते, काय करू शकत नाही

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग ती शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम रात्रंदिवस, आठवड्याचे सगळे १६८ तास चालते. डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून एका पातळ पडद्याच्या एका बाजूने फिरवतात आणि दुसऱ्या बाजूने क्षारांचे द्रावण वाहते. युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचे पोटॅशियम पडद्यातून पलीकडे जाते, साठलेले पाणीही काढले जाते आणि शुद्ध झालेले रक्त परत शरीरात सोडतात. आज साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास हे उपचार देतात. म्हणजे १६८ तासांचे काम १२ तासांत उरकायचे असते. दोन खेपांच्या मधल्या दिवसांत पाणी, मीठ, फळे यांवर इतके निर्बंध का असतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

सत्तरच्या दशकात हे सगळे अधिक कष्टाचे होते. पडदे कमी कार्यक्षम असल्याने एकेक खेप लांबत असे. द्रावणात बहुधा ॲसिटेट वापरत आणि त्यामुळे मळमळ, डोकेदुखी, रक्तदाब एकाएकी उतरणे असे त्रास होत. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तवाढीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडते आणि रक्त उतरते. त्यावरचे इंजेक्शन बाजारात यायला १९८९ साल उजाडावे लागले. त्याआधी रक्त चढवणे हाच मुख्य आधार होता. खेप संपल्यावर अंगात त्राण उरत नसे आणि थोडी हुशारी वाटू लागेपर्यंत पुढच्या खेपेचा दिवस येई.

डायलिसिसचा इतिहासही तेव्हा फार जुना नव्हता. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, सॉसेजच्या वेष्टनाची नळी वापरून पहिले उपयोगी यंत्र बनवले. पण दरवेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे उपचार थोडे दिवसच देता येत. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी तयार केली. मार्च १९६० मध्ये ती बसवलेला क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. जेपींच्या वेळी दीर्घकालीन डायलिसिस हा उपचार जेमतेम पंधरा वर्षांचा होता आणि भारतात तो मोजक्या रुग्णालयांतच मिळत असे.

उरलेल्या दिवसांचा हिशेब

जसलोकमध्ये डॉ. एम. के. मणी जेपींवर उपचार करत होते. सुरुवातीचा काळ कठीण गेला. नंतर प्रकृती थोडी स्थिरावली आणि जेपींनी आपल्या दिवसांची विभागणी केली. यंत्राचे दिवस यंत्राचे. त्यांत घासाघीस नव्हती. कामाचे जे काही होईल ते उरलेल्या दिवसांत बसवायचे. दौरे, पदयात्रा, रोजच्या सभा हे सगळे संपले होते. राहिले होते भेटणे, बोलणे, पत्रे लिहिणे आणि माणसे जोडणे.

याच मर्यादेत मोठे काम झाले. मे १९७६ मध्ये विरोधी पक्षांचे नेते मुंबईत जमले. वेगवेगळे पक्ष मोडून एकच पक्ष उभा करावा, हा जेपींचा आग्रह होता आणि तसा पक्ष निघत असल्याचे त्यांनी त्याच महिन्यात मुंबईत जाहीर केले. पुढे आठ महिन्यांनी जनता पक्ष प्रत्यक्षात आला. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने शक्य तेवढ्याच सभा त्यांनी घेतल्या. ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानावर ते लाखोंच्या गर्दीपुढे बोलले. त्या सभेला आलेल्यांना समोरचा थकलेला माणूस दिसत होता. त्याच्या भाषणांच्या तारखा डायलिसिसच्या वारांना धरून ठरतात, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असेल.

डायलिसिसमधली दुसरी अवघड गोष्ट असते परावलंबन. सुई टोचणारा, यंत्र लावणारा, वजन आणि रक्तदाब पाहणारा, पाण्याचा पेला मोजून देणारा, अशा कितीतरी हातांवर रुग्णाचे जगणे असते. आयुष्यभर इतरांना आधार देणाऱ्या माणसाला हे जड जाते. जेपींच्या उपचारांसाठी लोकांनी वर्गणी काढली आणि त्यात एकेक रुपया देणारी साधी माणसेही होती. या पैशांतून यंत्राची सोय झाली. पंतप्रधान साहाय्यता निधीतून इंदिरा गांधींनी पाठवलेले ९० हजार रुपये मात्र जेपींनी परत केले. मदत घ्यावी लागणार हे त्यांनी मान्य केले होते. ती कोणाची घ्यायची, एवढा निर्णय त्यांनी स्वतःकडे ठेवला. पुढे पाटण्याच्या कदमकुआँ भागातल्या घरीही डायलिसिसची व्यवस्था झाली आणि जवळच्या माणसांतच खेपा होऊ लागल्या.

निवडणुकीतल्या विजयानंतर, मे १९७७ मध्ये, उपचारांसाठी ते सिएटलला गेले. डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगता येते हे ज्या शहराने पहिल्यांदा दाखवले, तेच हे शहर.

जे जमले नाही तेही

ही गोष्ट निव्वळ जिद्दीची म्हणून सांगितली तर ती अपुरी राहील. शेवटच्या दोन वर्षांत जेपींची शक्ती कमी होत गेली. जनता पक्षातली भांडणे वाढत होती आणि ती मिटवायला दिल्लीत तळ ठोकून बसणे त्यांच्या शरीराला झेपणारे नव्हते. डोळ्यांदेखत हातातून निसटणारी गोष्ट सोडून द्यावी लागणे, हेही दीर्घ आजारात येते. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये अत्यवस्थ होते. त्यांचे निधन झाल्याची चुकीची बातमी दिल्लीत पोहोचली, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ती लोकसभेत सांगितली आणि श्रद्धांजली वाहून सभागृह तहकूबही झाले. जेपी त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्याच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

आजच्या रुग्णाला जेपींपेक्षा बऱ्याच सोयी मिळतात. पडदे सुधारले आहेत, ॲसिटेटची जागा बायकार्बोनेटने घेतली आहे, रक्तवाढीची इंजेक्शने आहेत आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले आहे. पण खुर्चीवरचे चार तास चारच राहतात. कंटाळा आला, गाडी चुकेल, पायात गोळे आले म्हणून खेप अर्ध्या तासाने आवरती घेतली, तर तेवढे पाणी आणि तेवढी घाण अंगात उरते आणि तिचा भार हृदयावर पडतो. गोळे येत असतील किंवा रक्तदाब उतरत असेल, तर ते लगेच तंत्रज्ञाला सांगावे. बऱ्याचदा दोन खेपांमध्ये वाढलेले वजन हे त्याचे कारण असते आणि त्यामागे असते मीठ. लोणचे, पापड, फरसाण सुटले की तहान आपोआप कमी होते.

फिस्टुलाचा हात स्थिर ठेवावा लागतो, पण दुसरा हात मोकळा असतो आणि डोकेही. कोणी त्या वेळेत वाचतो, कोणी हिशेब लिहितो, कोणी शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी गप्पा मारतो, कोणी झोप काढतो. यातले काहीही चालते. निराशा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तीही रक्तदाबाइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांगावी, कारण तिच्यावर उपचार आहेत. आणि घरच्यांनी खेपेचा दिवस सोडून उरलेल्या दिवसांत रुग्णाकडे त्याचे एखादे काम राहू द्यावे. भाजी निवडणे असो, नातवाचा अभ्यास घेणे असो की दुकानाचा गल्ला सांभाळणे, ते काम त्याचे आहे आणि तो ते करणार आहे, एवढे घरात ठरलेले असावे.