सेनापती बापट आणि अडथळ्याची मर्यादा

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. तत्पूर्वी सुमारे साठ वर्षे सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशीत, हाच प्रश्न पेटला होता. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची भातशेते जाणार होती. वीज मात्र घाटाखाली भिऱ्यास निर्माण व्हावयाची होती, तीही मुंबईसाठी.

पारनेर येथे १२ नोव्हेंबर १८८० रोजी जन्मलेले पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले, ते काही अहिंसेचे उपासक म्हणून नव्हे. विलायतेस शिकावयास गेलेल्या या तरुणाने पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या हस्तगत करून ती स्वदेशी आणली होती. तरीही १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांसह धरणाच्या कामावर त्यांनी ठाण मांडले, ते निःशस्त्र. मुळशीनेच त्यांना 'सेनापती' केले.

कायदा अशा बसण्याकडे तुलनेने सौम्य दृष्टीने पाहत असे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये मोजणीस अडथळा करणाऱ्यास फार तर एक महिना कैद, पन्नास रुपये दंड किंवा दोन्ही. दंडसंहितेच्या १८६ व्या कलमान्वये सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होई. परंतु त्याच्यावर बळाचा प्रयोग झाला की ३५३ वे कलम लागे आणि शिक्षा दोन वर्षांवर जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे २२१ व १३२ झाली आहेत. भेद कायम आहे.

ही रेषा बापटांनी समजून उमजून ओलांडली. धरण थांबत नाही असे दिसताच त्यांनी 'शुद्ध सत्याग्रहा'चा विचार मांडला : शस्त्र घ्यावे, प्राण घेऊ नये, आणि स्वतःहून कायद्याच्या स्वाधीन व्हावे. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडविली आणि पिस्तूल झाडले. माणसे जखमी झाली. बापटांना सात वर्षांची सजा झाली, आणि धरण झाले ते झालेच. त्यांच्या धैर्याविषयी दुमत संभवत नाही. युक्तिवाद मात्र पटण्याजोगा नाही. सुटलेली गोळी कोठे लागावी, हे झाडणाऱ्याच्या सद्हेतूवर अवलंबून नसते. शिवाय न्यायालयापुढे मावळ्यांच्या जमिनीऐवजी पिस्तूलच उभे राहिले.

१९३१ मध्ये ते सुटले. मे १९५५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ना. ग. गोरे यांच्यासमवेत ते सत्याग्रहींची तुकडी घेऊन पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरले. या वेळी हातात शस्त्र नव्हते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.