भूक होती, घास उतरत नव्हता

१८८५ सालचा उन्हाळा. कोलकात्याजवळ दक्षिणेश्वरच्या कालीमंदिरात राहणाऱ्या रामकृष्ण परमहंसांचा घसा दुखू लागला. उकाड्यामुळे ते काही दिवस बर्फ घातलेले पाणी आवडीने पीत होते. साहजिकच सगळ्यांना वाटले, बर्फ बाधला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की फार बोलण्याने घसा सुजला आहे, बोलणे कमी करा. पण माणसे येत राहिली, बोलणे चालूच राहिले. पुढे पावसात भिजणे झाले, दुखणे वाढले. काही महिन्यांनी घशातून रक्त पडले, तेव्हा मात्र सगळे हादरले. तो घशाचा कर्करोग होता.

परमहंसांचे आध्यात्मिक चरित्र मराठी वाचकाला परिचयाचे आहे. आज पाहायची ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची दहा-अकरा महिन्यांची गोष्ट, रुग्णाला खाऊपिऊ घालण्याची. आपल्या मावळात, आणि एकूणच महाराष्ट्रात, तंबाखू, मशेरी आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण घरोघरी ऐकू येतात. रोग तोंडात असो वा घशात, गिळण्याचा प्रश्न सारखाच असतो. म्हणून ही जुनी गोष्ट आजही उपयोगी आहे.

रामकृष्णांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३६ रोजी बंगालमधल्या कामारपुकुर गावी झाला. मूळ नाव गदाधर चट्टोपाध्याय. राणी रासमणी यांनी बांधलेले दक्षिणेश्वरचे मंदिर १८५५ मध्ये खुले झाले आणि पुढे ते तिथले पुजारी झाले. १८५९ मध्ये शारदादेवींशी त्यांचा विवाह झाला. कोलकात्यातले शिकलेले तरुण त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांतलाच एक नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. त्या काळच्या अनेकांसारखे रामकृष्ण हुक्का ओढत. तंबाखू आणि घशाचा कर्करोग यांचे नाते विज्ञानाने सिद्ध करायला पुढे अनेक दशके जावी लागली.

उपचारांसाठी त्यांना कोलकात्यात आणले आणि ऑक्टोबर १८८५ मध्ये श्यामपुकुर भागातल्या भाड्याच्या घरात ठेवले. औषध देण्यासाठी आले डॉ. महेंद्रलाल सरकार. हे गृहस्थ कोलकाता विद्यापीठाचे एम.डी.; पुढे ते होमिओपॅथीकडे वळले. भारतीयांनी स्वतः विज्ञान-संशोधन करावे म्हणून त्यांनी १८७६ मध्ये एक संस्था उभारली. पुढे सी. व्ही. रामन यांनी आपले नोबेलविजेते संशोधन केले ते याच संस्थेत. डॉ. सरकार बुद्धिवादी होते, अवतार वगैरे मानत नव्हते. तरीही ते फी न घेता येत आणि तासन् तास बसत. पण त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, रेडियमचा १८९८ मध्ये. किरणोपचार, केमोथेरपी यांतले काहीच तेव्हा नव्हते.

उरले होते ते पथ्यपाणी. औषधाइतकेच महत्त्व पथ्याला होते आणि ते नीट करणारे माणूस घरात नव्हते. म्हणून शारदादेवी आल्या. श्यामपुकुरच्या त्या घरात बाईमाणसाला वेगळी जागा नव्हती. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यापाशी चार-एक हात लांबरुंद आडोसा होता. पहाटे तीनच्या आधी उठून, आंघोळ उरकून त्या तिथे जात, दिवसभर तिथेच रांधत आणि खोलीतली माणसे गेल्याचा निरोप आला की खाली येऊन भरवत. रात्री अकरानंतरच त्यांना पाठ टेकता येई. मोठ्या आजाराच्या घरात रुग्णाची हकिकत सगळे विचारतात. चुलीपुढच्या माणसाने कधी खाल्ले, कधी झोपले, हे विचारायचे राहून जाते.

११ डिसेंबर १८८५ रोजी सगळे काशीपूरला बागेतल्या एका मोठ्या घरात राहायला गेले. महिन्याचे भाडे ८० रुपये. मोकळ्या हवेसाठी केलेला हा बदल होता. नरेंद्र आणि त्याचे तरुण सोबती पाळीपाळीने रात्रंदिवस शुश्रूषेला राहिले. खर्च गृहस्थ भक्त करत होते. तो वाढल्यावर हिशेबावरून कुरबुरीही झाल्या. लांबलेल्या आजारपणात हे कोणत्या घरात होत नाही?

आता घन अन्न गिळणे अशक्य झाले होते. दुधात शिजवलेली रव्याची पातळ लापशी, दूध आणि वैद्यकीय सल्ल्याने मांसाचा रस, एवढाच आहार उरला. शारदादेवी मटण मसाल्याच्या पानांसह तासन् तास शिजवत, ते कापसासारखे मऊ झाले की रस गाळून देत. एकदा डॉक्टरांनी तळ्यातल्या गोगलगाईंचा रस द्यायला सांगितला. हलणारे जिवंत प्राणी ठेचायला शारदादेवींचे मन धजेना. रामकृष्णांनी समजावले, तेव्हा त्यांनी तेही केले. त्या काळच्या वैद्यांना प्रथिनांची कोष्टके ठाऊक नव्हती, पण नुसत्या पेजेवर माणूस तगत नाही हे अनुभवाने माहीत होते.

एके दिवशी अडीच शेर दुधाचे भांडे घेऊन जिना चढताना शारदादेवी पडल्या. दूध सांडले, पायाचा घोटा निखळला. तीन दिवस त्यांना वर जाता आले नाही. तेवढे दिवस गोलाप-मा नावाच्या भक्त बाईंनी भरवले. सगळा भार एकाच माणसावर असला की एक पाय घसरल्याने काय होते, हे या प्रसंगातून दिसते.

तोंडाची चव गेली होती. एकदा रामकृष्णांनी आवळ्याची आठवण काढली. हंगाम नव्हता. दुर्गाचरण नाग नावाचे भक्त, जे स्वतः होमिओपॅथ होते, एक शब्द न बोलता निघाले, बागा पालथ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी आवळे घेऊन परतले. चव जाणे ही या आजारातली किरकोळ तक्रार नाही. अन्न मातीसारखे लागू लागले की माणूस हळूहळू खाणेच सोडतो.

मग आली भीती. हा रोग लागट तर नाही ना, अशी कुजबुज सेवेकऱ्यांमध्ये सुरू झाली. तेव्हा नरेंद्राने रामकृष्णांच्या उष्ट्या लापशीची वाटी उचलली आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकली. ते अनुकरण करण्याजोगे नाही. मुद्दा मात्र बरोबर होता. कर्करोग ताटवाटीतून पसरत नाही. रुग्णाची भांडी स्वच्छ हवीत, पण त्याला पंगतीतून उठवून वेगळे बसवू नये. एकट्याने जेवणारा रुग्ण कमी जेवतो.

शरीर झिजत गेले; हाडांवर कातडी तेवढी राहिली. आणि तरीही भूक होती. हंडाभर खिचडी खावी असे वाटे, घशाखाली मात्र घास उतरत नसे. १५ ऑगस्ट १८८६ च्या रात्रीही त्यांनी थोडे पातळ अन्न घेतले. मध्यरात्र उलटल्यावर, १६ तारखेला, त्यांचे देहावसान झाले. वय अवघे पन्नास.

आज काय करता येते?

काशीपूरच्या त्या घरात प्रेम, कष्ट, माणसे, कशाची कमतरता नव्हती. कमतरता होती अन्न पोटापर्यंत पोहोचवण्याच्या मार्गाची. तो मार्ग आज आहे. आपण तो वेळेवर वापरत नाही, हे दुःख आहे.

तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार, ज्याला आपल्याकडे रुग्ण शेक किंवा लाइट म्हणतात, साधारण सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, लाळ आटते, चव जाते. सुरुवातीला त्रास नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. आहारतज्ज्ञाला भेटण्याची खरी वेळ तीच. वजन फार उतरले तर उपचारात खंड पडतो आणि खंड पडला की उपचाराचा परिणाम कमी होतो. म्हणून अन्न हाही उपचाराचाच भाग धरायला हवा.

पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला सुमारे १,५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. नुसत्या भाताच्या पेजेतून ती मिळत नाहीत. आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ शिजून छान मऊ, चिकट होतो. त्याचा गुरगुट्या भात करून त्यात मुगाचे दाट वरण आणि चमचाभर साजूक तूप घालावे, मिक्सरमधून काढावे. नाचणीच्या खिरीत दूध आणि दूध पावडर घालावी. दही-केळे, नीट शिजवून मऊ केलेले अंडे, शेंगदाण्याचा बारीक वाटलेला कूट, चालत असेल तर गाळलेला चिकनचा रस, सारे उपयोगी. तीन जेवणांऐवजी दर दोन तासांनी एक वाटी द्यावी. अन्न कोमट किंवा गार असावे. तिखट, आंबट, कडक नको. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाण्याकडे तर आपले लक्षच नसते. गिळताना दुखते म्हणून रुग्ण पाणी टाळतो. लघवी गडद आणि कमी होणे, उठताना चक्कर येणे, जीभ कोरडी पडणे ही धोक्याची खूण. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवे. त्यात ताक, शहाळ्याचे पाणी, सूप धरावे. घोट छोटे घ्यावेत. पाण्याने ठसका लागत असेल तर जबरदस्तीने पाजू नये. ते फुफ्फुसात जाऊ शकते. डॉक्टरांना सांगावे. काही रुग्णांना पातळ पाण्यापेक्षा थोडे दाट द्रव सोपे जाते. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या कराव्यात. जेवणाआधी अर्धा तास वेदनाशामक घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. दुखणे सहन करण्यात कसलेही शौर्य नाही.

आणि नळी. नाकातून जठरात जाणारी नळी सुचवली की घरात रडारड होते. आता शेवट आला, असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुतेकदा काही आठवड्यांचा पूल असते. जास्त दिवस लागणार असतील तर थेट पोटातून नळी बसवतात. तोंड बरे झाले की नळी निघते. नळी असतानाही, डॉक्टर हो म्हणतील तेवढे गिळत राहावे, म्हणजे गिळण्याचे स्नायू आळसावत नाहीत. फार दिवस उपाशी असलेल्याला मात्र एकदम भरपूर देऊ नये. हळूहळू, देखरेखीखाली वाढवावे.

आणखी एक. घशातले वा तोंडातले दुखणे, चट्टा, फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर बर्फाला, उष्णतेला किंवा दातांना दोष देत बसू नये. दाखवून घ्यावे. तंबाखू त्या दिवशीच सोडावी.

रामकृष्ण गेल्यानंतर सहा वर्षांनी, १८९२ मध्ये, लोकमान्य टिळकांसोबत मुंबईहून पुण्याकडे निघालेला एक तरुण संन्यासी बोरघाट चढून आपल्या मावळातून गेला. उष्टी वाटी पिणारा तोच नरेंद्र. शारदादेवी १९२० पर्यंत होत्या. येईल त्याला पोटभर जेवू घालणे हीच त्यांची ओळख राहिली. आज आपल्या घरात कुणी वाटी हातात घेऊन रुग्णाच्या उशाशी बसले असेल, तर वाटी दुपारपर्यंत तशीच राहण्याची वाट पाहू नका. सकाळी घास उतरला नाही, तर सकाळीच फोन करा.