पहिल्या निवडणुकीचे शिल्पकार : सुकुमार सेन



निवडणूक आली की शाळेला सुट्टी मिळते. वर्गांतली बाके बाहेर निघतात, दारावर मतदान केंद्राचा क्रमांक लागतो आणि आपले शिक्षक निवडणुकीच्या कामावर रवाना होतात. मुलांना सुट्टीचा आनंद, शिक्षकांना जबाबदारीची धाकधूक. हे सर्व आता इतके अंगवळणी पडले आहे की कोणी तरी हे पहिल्यांदा उभे केले असेल, असा विचारही मनात येत नाही. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली. २०११ पासून हा दिवस राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आम्ही देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त श्री. सुकुमार सेन यांचा परिचय करून देत आहोत.

सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका बंगाली कुटुंबात झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. गणित हा त्यांचा विषय, आणि त्यात त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. पुढे ते आय.सी.एस. झाले. बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत त्यांनी काम केले, न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. स्वातंत्र्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते, तो हा काळ. तेथूनच त्यांना दिल्लीला बोलावणे आले आणि २१ मार्च १९५० रोजी त्यांनी मुख्य निवडणूक आयुक्तपदाची सूत्रे हाती घेतली.

काम किती मोठे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्रजांच्या राज्यात निवडणुका होत नव्हत्या असे नाही. परंतु मत कोणाला? ज्याच्याजवळ जमीन-जुमला, जो कर भरतो, जो शिकलेला आहे, त्याला. १९३७ च्या निवडणुकीत सर्व प्रांत मिळून सुमारे तीन कोटी मतदार होते, आणि तेही धर्मानुसार वेगवेगळ्या याद्यांत वाटलेले. आपल्या राज्यघटनेने हे सर्व एका फटक्यात बदलले. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत, आणि सर्वांसाठी एकच यादी. धर्म, जात किंवा स्त्री-पुरुष असा भेद नाही. इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळायला १९२८ साल उजाडावे लागले होते. आपल्याकडे तो पहिल्याच निवडणुकीत मिळाला. यादीत १७ कोटींहून अधिक नावे झाली, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता होती शेकडा अठरा.

पंतप्रधान पंडित नेहरूंची इच्छा होती की १९५१ च्या सुरुवातीलाच निवडणुका व्हाव्यात. त्यांची घाई समजण्यासारखी होती. परंतु सेन घाईला तयार नव्हते. कायदे व्हायचे होते, मतदारसंघांच्या सीमा ठरायच्या होत्या, याद्या छापायच्या होत्या. पूर्वतयारीशिवाय घेतलेल्या निवडणुकीवर लोकांचा विश्वास बसणार नाही, आणि हरलेला उमेदवार निकाल मानणार नाही, हे त्यांना दिसत होते. घटनेने त्यांच्या पदाला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखे संरक्षण दिले होते. पंतप्रधानांना थांबायला लावण्याचे बळ त्या पदात होते, आणि सेन यांनी त्याचा उपयोग केला. निवडणूक लांबली, पण नीट झाली.

निरक्षर माणसाने मत कसे द्यायचे? यावर त्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याचे चिन्ह : बैलजोडी, झोपडी, दिवा, झाड अशा रोजच्या पाहण्यातल्या वस्तू. मतदाराने कागदावर काही लिहायचे नाही, खूण करायची नाही. हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. यासाठी वीस लाखांहून अधिक लोखंडी पेट्या लागल्या, आणि त्यांना ८,२०० टन पोलाद. यांतल्या लाखो पेट्या मुंबईजवळ विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावण्याचे ठरले. तिच्या सुमारे ३ लाख ९० हजार कुप्या लागल्या. २ लाख २४ हजार मतदान केंद्रे उभारली गेली. पहिली मते २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलच्या चिनी तहसिलीत पडली, कारण पुढे बर्फ पडून रस्ते बंद झाले असते. शेवटची मते फेब्रुवारी १९५२ मध्ये पडली.

आता एक गोष्ट विशेषतः आमच्या विद्यार्थिनींसाठी. याद्या तयार करणारे कर्मचारी घरोघरी गेले, तेव्हा लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगणे रीतीला धरून नव्हते. सेन यांच्यापुढे पेच पडला. तशीच नोंद ठेवावी, तर ती बाई नक्की कोण हे केंद्रावर ओळखायचे कसे? नोंद काढावी, तर घटनेने दिलेले मत आपणच काढून घेतल्यासारखे होते. त्यांनी आदेश दिला की मतदाराचे स्वतःचे नाव असलेच पाहिजे. ज्यांनी शेवटपर्यंत नाव दिले नाही, अशा सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. त्यांत बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या तेव्हाच्या मध्य भारत राज्यातल्या होत्या. म्हणजे आपल्याच आज्या-पणज्या.

हा निर्णय कठोर होता. त्या २८ लाख जणींवर तो अन्यायही होता, असे आम्हाला वाटते, कारण नाव न सांगण्याची रीत त्यांनी घातली नव्हती. पण दुसरी बाजूही खरी आहे. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाखाली नोंदलेली स्त्री मतदार होत नाही, ती घराचा एक भाग राहते. मत हे माणसाचे असते, घराचे नव्हे. यावर खूप ओरड झाली, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रीत सुटावी हीच सेन यांची अपेक्षा होती.

निकाल लागले. ज्यांनी घटनेच्या मसुद्याचे काम पाहिले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः मुंबईतून पराभूत झाले. पुढे ते राज्यसभेत गेले आणि संसदेत आपले विचार मांडत राहिले. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले श्री. गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे वडोदऱ्यात जन्मलेले, गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना याचा आनंद वाटणे साहजिक आहे. गोव्याच्या बांधवांना मात्र थांबावे लागले. तेथे पोर्तुगीज सत्ता १९६१ साली संपली आणि विधानसभेची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली.

सेन यांची कीर्ती परदेशात पोहोचली. सुदान तेव्हा ब्रिटिश-इजिप्शियन सत्तेखाली होता. तेथील पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. १९५३ च्या अखेरीस ती निवडणूक पार पडली आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. परंतु देशाच्या दक्षिण भागात १९५५ मध्येच बंड पेटले होते, कायमची घटना तयार झाली नव्हती, आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. पेट्या आणि याद्या दोन्हीकडे होत्या, निवडणूक घेणारा माणूसही तोच होता. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की निवडणूक हा लोकशाहीचा पाया आहे, संपूर्ण इमारत नव्हे. सर्वांनी मान्य केलेली घटना हवी, छावणीत राहणारे सैन्य हवे आणि हार पचवणारे पुढारी हवेत.

१९५४ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९५७ ची दुसरी निवडणूकही त्यांनीच घेतली. पहिल्या वेळच्या पेट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे खर्च सुमारे साडेचार कोटी रुपयांनी कमी झाला. डिसेंबर १९५८ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले. पुढे ते बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९६३ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यामुळेच कदाचित आपल्या मुलांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही.

शेवटी एक विनंती. प्रवेशाच्या वेळी आमच्या हाती येणाऱ्या अर्जात आईच्या नावाच्या रकान्यात अजूनही कधी कधी नुसते 'सौ.' आणि पुढे वडिलांचे पूर्ण नाव असते. असा अर्ज आम्ही परत देतो आणि आईंना स्वतःचे नाव लिहायला सांगतो. कृपया याचा राग मानू नये. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा आहे, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आता आगाऊ अर्ज करता येतो. अकरावी-बारावीच्या मुला-मुलींनी तो अर्ज भरावा. घरातल्या आई, आजी, काकू, वहिनी यांची नावे यादीत आहेत का आणि बरोबर लिहिली आहेत का, तेही पाहून घ्यावे. लग्नानंतर गाव बदललेल्या ताईचे नाव तर आवर्जून पाहावे.

आपले,
प्राचार्य