आबे फारिया

पेडणे-डिचोलीला लागून असलेल्या बारदेशातील कांदोळी गावी ३१ मे १७५६ रोजी जोझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म झाला. १७७१ मध्ये ते वडिलांसह पोर्तुगालला गेले व १७८० मध्ये रोम येथे धर्मगुरू झाले. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग करून दाखविले. ही निद्रा प्रयोगकर्त्याच्या दैवी शक्तीने नव्हे, तर निद्रिताच्याच मनाने सूचना स्वीकारल्यामुळे येते, असे त्यांनी प्रतिपादिले. लोकांनी त्यांची टर उडविली. १८१९ मध्ये ते दारिद्र्यात निवर्तले.

पुढे फ्रान्समधील डॉ. बर्नहाइम यांनी दाखवून दिले की, सूचनेच्या प्रभावाने प्रामाणिक साक्षीदारालाही न घडलेला गुन्हा प्रत्यक्ष पाहिल्यासारखा आठवू शकतो. विद्यार्थी मित्रहो, पणजीतील फारियांच्या पुतळ्यासमोर उभे राहिलो की आम्हांस वाटते, ऐकीव गोष्टीवरून कोणास चोर म्हणण्यापूर्वी आपण प्रथम आपलेच मन तपासावे.