वडिलांच्या सावलीतला सोंगाड्या

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये एक पांढऱ्या कपड्यातला सोंगाड्या राहतो. गेलात तर दिसेलच असं नाही. तपकिरी शाईची जुनी चित्रं उजेडाने विटतात, म्हणून ती बराच काळ पेटीतच असतात.

ती काढणारा जानदोमेनिको तिएपोलो १७२७ साली व्हेनिसमध्ये जन्मला. नाव गाजलं ते वडिलांचं. जांबात्तिस्ता तिएपोलो म्हणजे राजवाड्यांची छतं ढगांनी आणि देवांनी भरून टाकणारा बडा असामी. मुलगा त्यांच्या हाताखाली जर्मनीत गेला, मग स्पेनच्या राजाकडे माद्रिदला. वडिलांसारखं इतकं हुबेहूब काढायचा, की काही चित्रं नक्की कोणाची यावर अजून वाद चालतात. स्वतःचं असं काही दिसलं ते १७५७ मध्ये, विचेंझाजवळच्या वालमाराना बंगल्यात. तिथल्या पाहुण्यांच्या खोल्यांत त्याने देव बाजूला ठेवून जेवायला बसलेलं शेतकरी कुटुंब रंगवलं.

१७७० मध्ये वडील माद्रिदलाच वारले आणि तो मायदेशी परतला. कामं मिळाली, मानही मिळाला. पण १७९७ च्या मे महिन्यात नेपोलियनपुढे व्हेनिसचं हजार वर्षांचं प्रजासत्ताक कोसळलं. ज्या सरदारांची छतं रंगवायची, त्यांचंच राज्य गेलं!

त्याच सुमारास सत्तरीच्या या माणसाने १०४ चित्रं काढायला घेतली. नाव दिलं, मुलांची करमणूक. नायक पुलचिनेल्ला, म्हणजे नेपल्सच्या नाटकमंडळ्यांतला सोंगाड्या. खादाड, कुबड्या, चोचीसारख्या नाकाचा मुखवटा, उंच टोपी. इंग्लंडातला पंच याचाच भाऊबंद, आणि ते नाव फिरत फिरत आपल्या ठाण्याच्या ‘हिंदू पंच’पर्यंत आलं.

करमणूक म्हणावी, तर पहिल्याच पानावर थडगं आहे आणि समोर बाहुली घेतलेला पुलचिनेल्ला. पुढे तो टर्कीच्या अंड्यातून बाहेर येतो, लग्न करतो, तुरुंगात जातो. एका चित्रात गोळ्या घालायला शिपाई उभे आहेत, दुसऱ्यात फाशी. मग आजारपण, मरण. शेवटच्या पानावर थडग्यातून सांगाडाच वर येतो. गंमत म्हणजे आजूबाजूलाही बरेचसे पुलचिनेल्लाच, सगळ्यांना तोच मुखवटा. नायक कोणता, शोधत बसा! वडिलांनीही हे सोंग काढलं होतं, पण त्याला अख्खा जन्म दिला तो मुलाने. माझ्या मते त्याचं खरं काम हेच.

१८०४ मध्ये तो गेला. १९२० साली लंडनच्या लिलावानंतर हा संच फुटला आणि पानं देशोदेशी पांगली. काही न्यूयॉर्कला, काही वॉशिंग्टनला, काही क्लीव्हलंडला. झिआनिगोच्या आपल्या घराच्या भिंतींवर त्याने रंगवलेले पुलचिनेल्लाही पुढे काढून व्हेनिसला नेले. का’ रेत्सोनिको म्युझियममध्ये मान वर करून पाहा. छतावर देव नाहीत, तिथे सोंगाडे झोका खेळताहेत.